बोटीखाली

मागच्या वर्षी पाणी तंबूपासून वीस पावलांवर होतं.
यंदा एप्रिलातच झिलपीचा तलाव मागं सरकलाय,
न सांगता पंगतीतून उठून गेल्यासारखा.
गाडी मोहाच्या सावलीत, तंबूही तिथंच,
आणि मधे तडकलेला गाळ, शिंपल्यांचा चुरा, सराटे.

ओढत नेता येत नाही.
मागल्या खेपेला ओढली, तर तळाला भोक.
हिंगण्याच्या युनूसभाईंनी पंक्चर काढताना विचारलं होतं,
ट्रॅक्टरची ट्यूब आहे का ही?
त्यांचं काळं ठिगळ अजून आहे निळ्या पोटावर,
खपलीसारखं.

काठावर नेऊन फुगवू, असं मी म्हणालो.
नीलय काही बोलला नाही. पायपंप काढला
आणि तंबूपाशीच दाबत बसला.
अर्धा तास नुसता बेडूक ओरडत होता.
चौदा वर्षांचा. चप्पल माझ्याहून एक नंबर मोठी.
शाळेच्या डायरीत तो घाटोळे, मी कुंभोजकर.
ह्या घरात येऊन मला पावणेतीन वर्षं झाली,
त्यानं मला अजून हाक मारलेली नाही.
काका म्हणत नाही. दुसरं तर नाहीच.
‘भाजी उरली आहे का’, ‘दार लावायचं का’,
वाक्यं अशी वळवून आणतो
की मी त्यांच्यात कुठंच सापडत नाही.
कल्याणी म्हणते, होईल.
पोहे परतता परतता म्हणते.

तर बोट उचलली. उलटी, डोक्यावर.
तो पुढं, मी मागं.
आत एकदम संध्याकाळ झाली, निळी.
शेकायच्या पिशवीचा वास,
कानाशी रबर कुरकुरतंय,
आणि समोर फक्त त्याच्या पोटऱ्या.
पावलं जुळेनात.
तो लांब टाकायचा, मी जपून,
प्रत्येक धक्का माझ्या मानेत.
शंभरेक पावलांवर थांबू म्हणणार होतो,
तेवढ्यात पुढून, जोरात:
“डावीकडून घे बे, खड्डा!”

बे.
हा शब्द मी ह्या शहरात ऐकलाय
पानठेल्यावर, सिग्नलला दोन मोपेडच्या मधून,
त्याच्या खोलीच्या बंद दारामागून, रात्री, फोनवर.
मिरजेत कुणी म्हणालं असतं तर
आमच्या अण्णांनी त्याला अंगणातून परत पाठवलं असतं.
इथं दहा वर्षं राहूनही
मला कुणी म्हणालं नव्हतं.

पोटऱ्या थांबल्या.
काच फुटल्यावर पोरं उभी राहतात
तशी उभी राहिली त्याची पाठ.
काहीतरी बोलायला हवं होतं,
मोठ्या माणसाचं, समजूतदार.
मी म्हणालो, “घेतो ना बे. चाल.”
आखूड बाह्यांच्या उसन्या शर्टासारखं बसलं ते माझ्या तोंडात.
पुढून आवाज आला.
हसला असेल. खोकलाही असेल.
चेहरा दिसत नव्हता, हे बरं होतं.
त्यालाही माझा दिसत नव्हता.

मग कधीतरी, गाळाशी बोलल्यासारखं,
“मागच्या वेळी मीच ओढली होती.”
“हो.”
“मग आईला कशाला सांगितलं, तुम्ही ओढली म्हणून?”
तुम्ही.
मला उत्तर होतं. मोठं होतं.
“पाय बघून टाक,” म्हणालो, “सराटे आहेत.”

पाण्याशी बोट उलटली, थाप वाजली,
आणि ऊन असं अंगावर आलं
की आम्ही दोघंही डोळे बारीक करून
वेगवेगळ्या दिशांना पाहत राहिलो.
वल्हवताना एक शब्द नाही.

परतताना ती ओली होती, जड,
ठिगळावरून थेंब माझ्या मानेत.
कल्याणीनं लांबून पाहिलं म्हणे,
चार पायांचं एक निळं जनावर
अंधार पडायच्या आत घरी निघालेलं.

चुलीशी ती म्हणाली,
उद्या तंबूच काठावर नेऊ, कशाला एवढी वाहतूक?
मी रस्सा ढवळत राहिलो.
“राहू दे,” नीलय म्हणाला, “इथं सावली आहे.”
मग थोड्या वेळानं, “मीठ द्या.”
कुणाला, ते नाही म्हणाला.
डबी माझ्याजवळ होती.